व्हिडिओचा बॅकअप घेताना आवाजाचं काय केलंत?

सुईदोरा:
काल भाचीने विचारलं, "मावशी, मी पहिल्यांदा चालले तो व्हिडिओ तुझ्याकडे आहे ना?" आहे म्हणजे काय, माझ्याकडे नसेल तर कोणाकडे असणार! मोठ्या तोऱ्यात लावला. चित्र ठीक. भाची दोन पावलं टाकते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून आई काहीतरी म्हणते. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला, सात-आठ वेळा मागेपुढे केलं. एक शब्द कळेल तर शपथ. पाण्याखालून बोलल्यासारखे नुसते बुडबुडे.

करणारी मीच. २००६ साली मिनीडीव्ही (कॅमेऱ्यातली छोटी डिजिटल कॅसेट) टेपवरून उतरवताना चित्राला २००० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट, हाच बिटरेट) दिले आणि आवाजाला एमपीथ्री, ६४ केबीपीएस, तेही स्टिरिओ. हार्डडिस्क भरत आली होती. काल रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. आवाजाला १९२ दिले असते तर तासामागे ५८ एमबी जास्त लागले असते. अठ्ठावन्न! चित्रच तासाला ९०० एमबी खात होतं. आणि टेप? तिच्यावर नंतर दुसरंच काहीतरी शूट केलं.

तुम्ही कोणता फॉरमॅट निवडलात, कुठे फसलात, काय वाचलं, लिहा. सल्ले नकोत असं नाही, पण आधी अनुभव.

निवांत:
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

वाळवी:
ताई, वाचून गलबललं.

माझं पाप वेगळं. आधी डीव्हीडी बनवली, त्यात आवाज एसी-३ (डीव्हीडीतला दाबलेला आवाज), १९२ केबीपीएस. डीव्हीडीला ओरखडे पडू लागले म्हणून ती उतरवून एव्हीआय केली, आवाज एमपीथ्री. मग फोनवर चालावं म्हणून एमपी४, आवाज एएसी. प्रत्येक वेळी वाटायचं, बिटरेट चांगला ठेवलाय, काय बिघडतंय. पण दर खेपेला नवा एन्कोडर (आवाज दाबणारा प्रोग्राम) आपल्या मते कानाला न कळणारं काढून टाकतो, आणि त्याच्या हाती येतो तो आधीच्याने कुरतडलेला माल. तिसऱ्या फेरीनंतर आमच्या घरात "स" कोणी म्हणतच नाही, सगळे "श्श" म्हणतात. टाळ्या तर पत्र्यावर खडी ओतल्यासारख्या.

आयडी सार्थ ठरवला म्हणा.

घुबड:
सुईदोरा, ६४ केबीपीएसला आईचाच आवाज का गेला ते सांगतो, त्यात नशिबाचा भाग नाही. एमपीथ्री काय किंवा एएसी काय, मोठ्या आवाजाखाली दबलेला लहान आवाज कानाला जाणवत नाही या हिशोबावरच चालतात. समोर टाळ्या आणि पोरीचं किंचाळणं, लांबून आई. बिट मोजकेच, ते सगळे टाळ्यांवर खर्च झाले. आणि टाळ्यांसारखे अचानक फुटणारे आवाज या कोडेकना, म्हणजे आवाज दाबायच्या पद्धतींना, सगळ्यात जड जातात. पाहुण्यांनाच वाढता वाढता घरच्या माणसाचं पान रिकामं, तसं.

आता माझी फजिती. मिनीडीव्हीत आवाज दोन तऱ्हांनी भरता येतो. १६ बिट ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे एक स्टिरिओ जोडी. नाहीतर १२ बिट ३२ किलोहर्ट्झ, त्यात दोन जोड्या बसतात. दुसरी जोडी नंतर वरून आवाज भरायला. माझ्या वडिलांनी रिटायर झाल्यावर चार टेपांवर बसून निवेदन भरलं होतं, हा कोण, ती कोण, कुठली जागा, सगळं. मला पत्ताच नव्हता. मी फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडायची केबल) डीव्ही फाइल जशीच्या तशी उतरवली, मग एफएफएमपेगने (फाइलींचं रूपांतर करणारा प्रोग्राम) एमकेव्ही केली आणि मोठी फाइल उडवली. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर तो ऑडिओचा एकच ट्रॅक उचलतो. उचलला पहिला.

बाबांनीच एकदा विचारलं, "माझं बोलणं कुठाय?" तेव्हा उजेड पडला. टेपा फेकल्या नव्हत्या म्हणून वाचलो. आता "मॅप ०", म्हणजे फाइलीतले सगळे ट्रॅक घे, असं लिहिल्याशिवाय हात कीबोर्डवरून उचलत नाही.

तिसरी_घंटा:
बाप रे घुबड! आमच्याकडे अशा अकरा टेपा आहेत. कॅमेरा चालू आहे, फायरवायरची केबल नाही. ४ पिनवाली कोणाकडे आहे का?

वाळवी:
४ पिन ते ६ पिन आहे माझ्याकडे, खोक्यात तळाशी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवटची_बस:
मोबाईलवरून टंकतेय, सांभाळून घ्या.
मुलाचे पहिले बोल २००८ च्या फोनमध्ये आहेत, ३जीपी फाइल. आवाज एएमआर (फोनवरच्या बोलण्यापुरता फॉरमॅट). मला वाटलं बॅकअप चांगला हवा, म्हणून एएसी ३२० केबीपीएस केला. फाइल भलीमोठी झाली, आवाज होता तसाच, डब्यात बसून बोलल्यासारखा. मग नवऱ्याने सांगितलं की तो फोन सेकंदाला ८००० नमुनेच घ्यायचा, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही भरलंच गेलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आता मूळ ३जीपी जपून ठेवलीय, ती ३२० वाली उडवली. कार्टं आता दहावी संपवून बसलंय, आणि बोलतच नाही ते वेगळं.

सुईदोरा:
शेवटची_बस, बोलेल हो :) दोन वर्षांनी थांबवावं लागेल.

चौकट:
मग शेवटी घ्यायचं काय ते सांगा ना कोणीतरी. एएसी की ओपस की फ्लॅक? धागा वाचून डोकं गरगरायला लागलं.

निवांत:
आलो. चौकट, मी ओपसवाला. होतो म्हणू या.

ओपस म्हणजे २०१२ चं प्रमाण, कोणाला रॉयल्टी द्यायची नाही, कमी बिटरेटला एमपीथ्री त्याच्यापुढे उभा राहत नाही. मी हुरळून सगळा संग्रह एमकेव्हीत ओपस १२८ करून टाकला. हेडफोन लावून मूळ आणि ओपस आलटून पालटून ऐकले, फरक सांगता आला नाही. अभिमानाने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, सगळे जमलेले. चित्र सुरू, आवाज शून्य. टीव्हीला ओपस कळतच नव्हता. आजी म्हणाली, "आमच्या लहानपणी असेच असायचे सिनेमे."

तेव्हा फॉरमॅट किती चांगला याच्याइतकंच तो कुठे वाजणार हेही बघा. बघायच्या कॉपीत आता एमपी४ आणि एएसी १९२, ती कुठेही वाजते. कोणाला द्यायची झाली तर हीच देतो.

तिसरी_घंटा:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आजींना दंडवत.

घुबड:
चौकट, निवांतशी सहमत, पण ती झाली बघायची कॉपी. ठेवायची कॉपी वेगळी. डीव्हीची एक तासाची फाइल साधारण १३ जीबी, त्यात १६ बिट आवाजाचा वाटा ६९० एमबीच्या आसपास. म्हणजे शंभरातले पाच. तिथे काटकसर करून काय मिळवणार? आवाज पीसीएम (न दाबलेला) आहे तसा ठेवा, हातच लावू नका. चित्र दाबायचंच असेल तरी आवाज फ्लॅकमध्ये टाका. बहुधा निम्म्याच्या जरा वर येतो आणि उलगडला की बिट न् बिट मूळचा. सुट्या फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ (त्या आवाजावरून काढलेला ओळख-आकडा) पण असतो, म्हणजे दहा वर्षांनी फाइल सडली का ते तपासता येतं. एमपीथ्री बिचारा गपचूप सडतो.

आणि मूळ आवाज आधीच दाबलेला असेल, म्हणजे एमटीएस (एचडी कॅमेऱ्याच्या) फाइलीतला एसी-३ वगैरे, तर त्याचा फ्लॅक करत बसू नका. फुगेल, सुधारणार नाही. ऑडिओ "कॉपी" वर ठेवून नुसता डबा बदला.

वाळवी:
डबा म्हणजे कंटेनर, चौकट. एमपी४, एमकेव्ही हे डबे. आतला माल वेगळा. मला हे कळायला सहा वर्षं लागली.

चौकट:
आत्ता कळलं. आभार. म्हणजे मी "सगळं एमपी४ मध्ये आहे" असं सांगत फिरतो ते उत्तरच नव्हे!

पायमोजे:
आवाज पुढेमागे होण्याबद्दल कोणी बोललंच नाही. एव्हीआयमध्ये व्हीबीआर (गरजेप्रमाणे बिटरेट बदलणारा) एमपीथ्री घातला होता. सुरुवातीला जुळायचं, अर्ध्या तासाने ओठ आधी आणि शब्द नंतर. बायको म्हणाली, खऱ्यातही तू असाच आहेस, ऐकतोस आत्ता आणि उत्तर देतोस उद्या.
कपडे वाळत घालायचेत, पळतो.

शेवटची_बस:
सुईदोरा, एक सुचतंय. तेव्हा नातेवाइकांना कॅसेट करून द्यायचो ना आपण? तुम्ही कोणाला दिली होती का?

सुईदोरा:
अगं बाई. आत्याला. तिच्याकडे व्हीसीआरच होता म्हणून कॅमेरा थेट जोडून कॉपी केली होती. फोन करते.

घुबड:
मिळाली तर घाई नको. व्हीसीआरमध्ये घालण्याआधी बुरशी बघा. आणि उतरवताना आवाज पीसीएम ठेवा. घरघर काढायची ती नंतर, दुसऱ्या कॉपीवर.

तिसरी_घंटा:
वाळवी, केबल पोचली, मनापासून आभार. पण आमच्या लॅपटॉपला ते भोकच नाहीये.

वाळवी:
हे आधी बघायचं असतं हो!

सुईदोरा:
चार दिवसांनी येतेय. कॅसेट मिळाली, आत्याने कपाटात उभी ठेवली होती. चित्र धुरकट, रंग ओघळलेले, मागे सतत सूंऽऽ. घुबडराव, आवाज पीसीएमच ठेवलाय. आई स्वच्छ ऐकू येते.

म्हणतेय, "पुरे झालं गं, टेप वाया नका घालवू."

निवांत:
ताई, पुढचं शूटिंग कोणी थांबवलं नाही ना?

सुईदोरा:
नाही. पुढे अजून पंधरा मिनिटं आहे.