अरबी-इंग्रजी भाषांतर: कोश आहे, पण अर्थ कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका ऑफिसात कामाला आहे. आमची पंपांची कास्टिंग आखातात जातात. लहानपणी मदरशात अरबी शिकलो होतो, तेवढ्यावर साहेबांनी अरबी कागद माझ्याकडे सरकवायला सुरुवात केली. (आमच्याकडे 'थोडं येतंय' म्हटलं की मेलाच!)

गेल्या महिन्यात ऑर्डरीत 'सलास दफआत' आलं. 'दफ्आ' म्हणजे हप्ता, म्हणून मी इंग्रजीत तीन हप्त्यांत पेमेंट असं लिहून मोकळा. पण दफ्आ म्हणजे खेपही. त्यांना माल तीन खेपांत हवा होता. खाली डिलिव्हरीच्या तीन तारखा होत्या, त्या मी बघितल्याच नाहीत. फोनवर उलगडा झाला म्हणून वाचलो.

मराठीही फसवते. पत्रात 'वकील' आला की मला काळा कोट दिसतो, अरबीत तो एजंट निघतो. कोर्टातला तो 'मुहामी'.

हान्स वेहरचा अरबी-इंग्रजी कोश घेतलाय. 'मुस्तक्बल' हा शब्द 'म'मध्ये शोधून दमलो, तो सापडला क-ब-ल या धातूखाली! आपले कबूल आणि मुकाबला त्याच घरचे. पण ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत. क-त-ब दिसलं तर 'त्यानं लिहिलं', 'लिहिलं गेलं' की 'पुस्तकं'?

नोकरी सोडून मुंबई विद्यापीठाच्या किंवा हैदराबादच्या इफ्लूच्या (इंग्रजी व परकीय भाषांचं विद्यापीठ) अरबी विभागात जाणं जमणार नाही. संध्याकाळी तासभर मिळतो. सराव कसा करू? आणि साहेब आता उत्तरंही अरबीत मागतायत, काय करू?

---

प्रतिसाद १:
उत्तरं इंग्रजीतच पाठवा. अरबी वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. साहेबांना स्पष्ट सांगा, नाहीतर पुढची खेप तुमचीच.

सरावाला संयुक्त राष्ट्रांचे ठराव घ्या. १९७३ पासून अरबी तिथली अधिकृत भाषा आहे, त्यामुळे एकच ठराव दोन्ही भाषांत फुकट मिळतो. इंग्रजी झाकून रोज एक परिच्छेद करा, मग ताडून बघा. आधी क्रियापद हुडकायचं, मग कर्ता. कोश सगळ्यात शेवटी.

प्रतिसाद २ (धागाकर्ता):
आज पहिला परिच्छेद केला. अख्ख्या परिच्छेदात पूर्णविराम एकच, तोही शेवटी. सव्वा तास गेला.