कडक भाकरी तिसऱ्या दिवशी वातड, शेंगा चटणी पंधरा दिवसांत खवट. कुठं चुकतंय?

विजापूर_रोड
मुंबईच्या हॉस्टेलवर कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवायची आहे. तिथं फ्रिज नाही, महिनाभर टिकली पाहिजे. आत्ताची रीत सांगते.

भाकरी: मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, दळून तीन आठवडे झालेलं पीठ, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. थापून तव्यावर टाकली, नेहमीसारखी गॅसवर फुगवली आणि पंख्याखाली वाळवली. त्या दिवशी कडाकड मोडते, तिसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. काठ कडक आणि मधे मऊ, असंही होतं.

चटणी: पाव किलो दाणे, कच्च्या लसणाच्या वीस पाकळ्या, तिखट, जिरं, मीठ. सगळं मिक्सरला एकदम. कधी कोरडा भुगा होतो, कधी लगदा. पंधरा दिवसांत वास बदलतो.

आणखी एक, तिथल्या मुली विकत मागतायत. पुढेमागे थोडं विकायचं झालं तर काय लागतं?

काटवट
अक्का, भाकरीचं मी सांगतो, चटणीवाले येतीलच.

तीन आठवड्यांच्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, गेलेली असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं जुन्या पिठाची भाकरी थापताना काठाला चिरते. मग आपण ती मोडू नये म्हणून जाड ठेवतो, आणि जाड भाकरी आतून कधीच वाळत नाही. दळण दोन किलोच्या वर आणू नका, आठ दिवसांत संपवा. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि आधी गहू-हरभरा दळलेला असेल तर पहिलं मूठभर पीठ बाजूला काढा.

दुसरं, पाणी कोमट नको, आधण हवं. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणाचं काम करतो. कोमट पाण्यानं पीठ फक्त भिजतं. अर्धा किलो पिठाला साधारण ४०० ते ४५० मिली पाणी लागतं. परातीत पिठाला आळं करून त्यात चारातले तीन भाग आधण ओता, उलथन्यानं कालवा, पाच मिनिटं झाका. उरलेलं पाणी हात लावत लावत घाला. मग तळहाताच्या टाचेनं सात-आठ मिनिटं मळा. गोळा दाबल्यावर काठाला चीर दिसली नाही की मळणं झालं. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, तीन-चार भाकऱ्यांपुरतंच मळा. बसलेलं पीठ पुन्हा चिरतं.

एवढ्या पिठात ७५ ग्रॅमचे बारा गोळे होतात. प्रत्येक भाकरी २२ सेंटीमीटर रुंद थापा, म्हणजे जाडी दीड-दोन मिलिमीटर राहते. थापताना बोटं काठावर जास्त पडतात म्हणून काठ पातळ आणि पोट जाड होतं. तुमची मधे मऊ राहणारी भाकरी त्यातलीच. उलट करा: आधी मधून दाबत बाहेर या, काठ शेवटी. थापायला जमत नसेल तर लाटा, कडक भाकरीला लाटलेली चालते.

आता भाजणं, आणि खरी गोम इथंच आहे. गॅसवर फुगवली की दोन पापुद्र्यांच्या मधे वाफ कोंडते. ती बाहेरून कोरडी दिसते, पण रात्रभरात आतलं पाणी पापुद्र्यात मुरतं आणि भाकरी वातड होते. कडक भाकरी फुगवायची नसते, दाबायची असते. लोखंडी तवा चांगला तापवा, भाकरी टाका, वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकलं की उलटा. दुसऱ्या बाजूला तांबूस ठिपके आले की आच अगदी बारीक करा. सुती फडक्याची घडी करून काठापासून मध्याकडे दाबत फिरवत राहा, प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं. तरी कुठं फुगलीच, तर उलथन्याच्या टोकानं तिथं बारीक भोक पाडा.

एवढ्यावरही ती पूर्ण वाळलेली नसते. चुलीवर असत्या तर भाकऱ्या चुलीच्या कडेला उभ्या लावल्या असत्या. गॅसवाल्यांनी रिकाम्या तव्यावर जाळी ठेवून, सगळ्यांत बारीक आचेवर, दोन-दोन भाकऱ्या उभ्या टेकवायच्या आणि दहा मिनिटांनी फिरवायच्या. ओव्हन असेल तर १०० अंश, दार बोटभर उघडं, ३० ते ४० मिनिटं. दार बंद ठेवलं तर वाफ आतच फिरते.

झाली की नाही हे वजनावर कळतं. ७५ ग्रॅमच्या गोळ्याची वाळलेली भाकरी ४० ग्रॅमच्या आसपास भरते, वरच्या पिठामुळं एक-दोन ग्रॅम जास्त. काटा ४८-५० दाखवत असेल तर ती हाताला कितीही कडक लागो, आत पाणी आहे. दोनदा वजन केलं की पुढं आवाजावरच ओळखता येतं: बोटानं टिचकी मारल्यावर पत्र्यासारखी वाजली पाहिजे.

मीठ काढून टाका. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबईच्या हवेत त्याला भरपूर मिळतं. चव चटणीत आहेच की.

अक्कलकोट_नाका
मिठाबद्दल सहमत. तीळ मात्र चालतात, फक्त थापताना वरून दाबायचे, पिठात मळायचे नाहीत. मळले तर भाकरी तिळाच्या जागी चिरते.

पंख्याखाली वाळवणं एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं जमून जातं, हवाच भट्टीसारखी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच भाकरी पंख्याखाली उलट ओलावा घेते. त्या दिवसांत तव्यावरून उतरवून गार झाली की लगेच बांधायची.

बांधणं असं: पूर्ण गार होऊ द्या, तास-दोन तास. कोमट बांधली तर पिशवीच्या आत घाम येतो. चार-चार भाकऱ्या बटर पेपरात, वरून जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड सील किंवा दुहेरी दुमडून चिकटपट्टी. अशा पिशव्या डब्यात उभ्या लावा, आडव्या रचल्या की खालच्यांचा प्रवासात भुगा होतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई भाकरीला लागते. सगळ्या एकाच पिशवीत नकोत, रोज तोंड उघडलं की आठवड्यात उरलेल्या मऊ. एखादी मऊ झालीच तर कोरड्या तव्यावर बारीक आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, पुन्हा मोडायला लागते.

आणि मुंबईकरांना सांगून ठेवा की ती बिस्किटासारखी चावतच खायची असं नाही. पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं फडक्यात झाकली की मऊ होते. नाहीतर आमटीत कुस्करायची, तीही निम्मी आधी आणि निम्मी खाता खाता. सगळी एकदम कुस्करली तर लापशी होते.

मुसळधार
चटणीकडं येऊ.

दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असतं. ते बाहेर काढायला दाब लागतो. मुसळ दाणा चेपतं, तेल सुटतं आणि चटणी ओलसर, पापुद्र्यापापुद्र्याची होते. मिक्सरचं पातं दाणा कापतं: आधी कोरडा भुगा, आणि त्याच भांड्यात आणखी अर्धा मिनिट फिरवलं की एकदम पीनट बटर. मधली अवस्था पात्याला सापडत नाही. तुमचा ‘कधी भुगा, कधी लगदा’ हा त्याचाच हिशेब.

पाव किलो दाण्याचं प्रमाण:
दाणे २५० ग्रॅम
सोललेला लसूण २५ ते ३० ग्रॅम
लाल तिखट २० ते २५ ग्रॅम (रंगाला ब्याडगी, झोंबायला दुसरी कुठलीही तिखट मिरची, निम्मी-निम्मी)
जिरं ५ ग्रॅम
मीठ ८ ते ९ ग्रॅम

दाणे आधी निवडा, आणि हे काम टाळू नका. सुरकुतलेला, काळपट, हिरवट झाक असलेला, दोन दळांच्या मधे पांढरी-पिवळी बुरशी दिसणारा दाणा फेकायचा. अशा दाण्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजून पुरतं जात नाही. शिवाय एक खवट दाणा पाव किलोची चव घालवतो.

लोखंडी कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, सतत हलवत. मोठ्या आचेवर साल काळं पडतं आणि दाणा आत कच्चा राहतो. कच्च्या दाण्याची चटणी लवकर बिघडते, कारण पाणी आत शिल्लक असतं. एक दाणा दोन बोटांत दाबून फोडा, आतून फिका बदामी रंग आणि कट्‌ आवाज पाहिजे. उतरवल्यावर तापल्या कढईत ठेवू नका, परातीत पसरा, नाहीतर स्वतःच्या उष्णतेनं करपत राहतो.

कुटायचा क्रम: आधी खलात लसूण, जिरं, मीठ. मीठ खरखरीत असतं, लसूण पटकन चेपतं. मग तिखट. मग दाणे, मूठ-मूठ. दाणे हाताला सोसतील इतके गरम असतानाच कुटा, गार दाण्यातून तेल सुटायला दुप्पट वेळ जातो. चटणी चिमटीत दाबून बघा: गोळा धरला पाहिजे, बोटाला तेलाची चकाकी आली पाहिजे, आणि बोट सैल केलं की गोळा फुटला पाहिजे. फुटलाच नाही तर जास्त कुटली गेली. वरून तेल घालून चकाकी आणू नका, ते तेल वेगळं पडतं आणि डब्याच्या तळाशी बसतं.

टिकण्याचं म्हणाल तर दोषी लसूण. त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. कच्च्या लसणाची चटणी चवीला सरस, पण फ्रिजबाहेर आठ-दहा दिवसांच्या वर तिच्यावर भरवसा नको. महिनाभर हवी तर पाकळ्यांचे पातळ काप करा, दिवसभर कडक उन्हात वाळवा, मग कढईत कोरडेच बारीक आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. तपकिरी होऊ देऊ नका, कडू लागतो. वाळल्यावर तो ३० ग्रॅमचा १० ते १२ ग्रॅमच उरतो, म्हणून घाबरून आणखी घालू नका. चव तेवढ्यानंही येते.

दुसरं कारण हवा. तेल सुटलेल्या चटणीला हवा आणि उजेड लागला की ती खवटते. काचेची कोरडी बरणी, गळ्यापर्यंत दाबून भरलेली, अंधारात. अर्धी रिकामी बरणी म्हणजे आत अर्धी हवा. महिन्याची चटणी एका मोठ्या बरणीपेक्षा चार लहान बरण्यांत द्या, आणि ओला चमचा घालायचा नाही हे झाकणावरच लिहा.

विजापूर_रोड
खलबत्ता लहान आहे, एका वेळी मूठभरच मावतं. मिक्सरनं काहीच जमणार नाही का? आणि साल ठेवायचं की काढायचं?

मुसळधार
मिक्सरनं जवळपास जाता येतं. चटणीचं लहान भांडं निम्मंच भरा, दाणे गरम हवेत. बटण पल्सवर, दोन सेकंद फिरवा, पाच सेकंद थांबा, चमच्यानं तळ वर करा. असं आठ-दहा वेळा. जाडसर रवा झाला की थांबा, आणि तिथून पुढचं काम खलात, चार-चार मुठी करून. तेल सुटायला मग प्रत्येक घाण्याला तीन-चार मिनिटं पुरतात. जास्त माल असेल तर मिरची कांडप करून देणारे दाणेही कुटून देतात का विचारा. मात्र सकाळी पहिला नंबर लावा, नाहीतर आधीच्या मिरचीचा ठसका तुमच्या चटणीत येतो.

साल मी पूर्ण काढतो. करपलेलं साल कडवट लागतं.

काटवट
सालाबद्दल माझं मत वेगळं. मंद भाजलेल्या दाण्याचं पाव हिस्सा साल राहू द्या, चटणीला रंग येतो आणि ती धरून राहते. करपलं असेल तर मात्र सगळं पाखडून टाका.

अक्कलकोट_नाका
जाता जाता: हीच चटणी विजयपूर-कलबुर्गीकडं ‘शेंगा हिंडी’ आणि ही भाकरी ‘खडक रोट्टी’ म्हणून मिळते. कन्नडमध्ये या नावांनी शोधलंत तर थापण्याचे आणि वाळवण्याचे भरपूर व्हिडिओ सापडतील. भाषा कळली नाही तरी हात बघा, थापताना भाकरी फिरवायची लय त्यात छान दिसते.

लेबलवाला
विकायचं असेल तर आधी नोंदणी. घरून केलं तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) लागते, छोट्यांसाठी मूलभूत नोंदणी पुरते. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर, फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा हाताशी ठेवा. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

लेबलवर आणखी: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं (म्हणजे शेंगदाणा पहिला), निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. आणि ‘शेंगदाणा आहे’ ही अ‍ॅलर्जीची सूचना वेगळ्या ओळीत. हॉस्टेलात एका डब्यातून चौघी खातात, त्यातल्या एखादीला दाणा चालत नसेल तर प्रकरण दवाखान्यात जातं.

शेवटची तारीख अंदाजानं टाकू नका. एकाच घाण्यातल्या सहा बरण्या बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक उघडून वास आणि चव तपासा. पाचव्या आठवड्याला बिघडली तर तीन आठवडे छापा.

किंमत काढताना विकत घेतलेला एक किलो दाणा पुरता चटणीत जातो असं धरू नका. निवडणं, भाजणं आणि साल मिळून दाणा ९०० ग्रॅमच्या आसपास उरतो. गॅस, बरणी, कुरिअर आणि कुटण्याचे तासही वेगळे मांडा.

विजापूर_रोड
उद्या दोन किलोच दळण आणते. भाकरीचा पहिला घाणा काट्यावर ठेवून वजन इथं टाकते.

काटवट
टाका. गोळ्याचंही वजन लिहा, नुसतं भाकरीचं सांगून उपयोग नाही.