हायपोसाठी जुना आयबीसी टँक घेऊ का?

इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस युनिट आहे, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं द्रावण) आणि कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) लागते, आत्तापर्यंत २०० लिटरचे ड्रम वापरले पण ओतताना पोरांच्या अंगावर उडतं म्हणून १००० लिटरचे आयबीसी (जाळीच्या पिंजऱ्यातली मोठी प्लॅस्टिक टाकी) घ्यायचेत, भंगारात जुने स्वस्त मिळतायत, घेऊ का?

> दादा, आधी त्यात काय भरलं होतं ते विचारा. आत ॲसिड राहिलं असेल आणि वरून हायपो ओतलंत तर क्लोरीन सुटतो, जीवावर बेतेल. लेबल नसेल तर फुकटात पण नको.

> हायपोला व्हेंटवालं (गॅस बाहेर सोडणारं) झाकण पाहिजेच, नाहीतर गॅसनं टाकी फुगते. सावलीत ठेवा, उन्हात ताकद उतरते.

> ५० टक्क्यांची लाय पाण्याच्या दीडपट जड असते, म्हणजे एक टाकी दीड टन, टाकीच्या प्लेटवर लिहिलेली वजनाची मर्यादा बघूनच भरा.

बरं झालं विचारलं, नवीनच घेतो.