उंदीर सोडा, सैनिक बघा

व्यसन एकटेपणातून जडतं, माणसांची माया मिळाली की सुटतं, असं म्हणणारे उंदरांचा एक प्रयोग पुढे करतात. पिंजऱ्यात एकटे ठेवलेले उंदीर मॉर्फिनचं (अफूपासूनच्या नशेच्या औषधाचं) पाणी जास्त पितात, सोबत नि मोकळी जागा असलेले कमी, हा मानसशास्त्रज्ञ ब्रूस अलेक्झांडरचा प्रयोग. पण इतरांनी तो करून पाहिला तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही. म्हणून मला माणसांचा दाखला जास्त पटतो. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांचा.

१९७१ मध्ये परतलेल्या या सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तिथे असताना साधारण पाचातला एक जण हेरॉइन-अफूच्या पुरता आहारी गेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा त्या अवस्थेला गेले, आणि बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते! जंगल, कंटाळा, मरणाची टांगती तलवार, सगळंच मागे राहिलं होतं.

आता लगेच 'एकटेपणा गेला की व्यसन गेलं' म्हणू नका. तिथे शुद्ध हेरॉइन स्वस्तात मिळायचं, सिगारेटीत भरून ओढता यायचं. घरी ते महाग, भेसळीचं, शिवाय सुई टोचून घ्यायची. हाही परिस्थितीचाच भाग, पण मायेचा नव्हे.

आपल्याकडे मात्र व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेला पोरगा त्याच गल्लीत, त्याच टोळक्यात परततो. सैनिकांना निदान मध्ये समुद्र तरी होता.