पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी हाकणं बंद करा

डिचोलीकर: काल कुणीतरी लिहिलं, 'पाऊस वाढला की पार्किंग लाइट (म्हणजे हॅझर्ड, चारही इंडिकेटर एकदम) लावा आणि बिनधास्त चालवा'. वर लोकांनी लाइकही दिले! अरे बहुतेक गाड्यांत हॅझर्ड दाबला की दोन्ही बाजूंचे तेच बल्ब एकदम मिचमिचतात, मग इंडिकेटरची दांडी वर करा नाहीतर खाली, मागच्याला काही कळत नाही. म्हापशाजवळ गिरीला पुढची कार असेच चारही लाइट मारत अचानक उजवीकडे वळली, मी स्कूटरवर, ब्रेक लागला म्हणून वाचलो. हॅझर्ड बंद पडलेल्या गाडीसाठी आहे, म्हणून तर चावी काढली तरी चालतो.

सत्तरीचा: चोर्ला घाटाच्या धुक्यात गेलायस कधी? स्वतःचं बॉनेट दिसत नाही तिथे. पुढच्या ट्रकचे पिवळे लाइट दिसले म्हणून मी घरी पोचलो. घाटात पुस्तक वाचायला वेळ नसतो.

डिचोलीकर: त्यासाठी टेल लाइट आहेत, हेडलाइट लावले की ते न मिचमिचता सतत पेटलेले असतात. आणि वळणावर ट्रकची एकच बाजू दिसली तर मागच्याला वाटणार यानं साइड दिली, घातली त्यानं गाडी ओव्हरटेकला तर?

फोंडेकर: खरा त्रास रेंट-अ-कॅबवाल्यांचा आहे, पर्यटक भाड्यानं घेऊन स्वतः चालवतात त्या गाड्या. काळी प्लेट पिवळी अक्षरं दिसली की मी लांबच राहतो, सर्कलला सरळ जायचंय म्हणूनसुद्धा चारही लाइट लावतात!!

म्हापशेकर: त्या गाड्या भाड्याला देतं कोण? आपलेच लोक ना. खासगी प्लेटच्या गाड्यासुद्धा गुपचूप देतात, त्यावर बोला.

फोंडेकर: माझ्या भावाची स्कूटर असल्याच एका गाडीनं उडवली, दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. मला शिकवू नका.

सत्तरीचा: सगळं पर्यटकांवर ढकलू नका. स्टॉपवरून बस बाहेर काढताना आपला ड्रायव्हर इंडिकेटर देतो? कंडक्टरचा हात हाच इंडिकेटर.

गॅरेजवाला: भांडा हवं तेवढं, पण आधी आपापले बल्ब बघा. एका बाजूचा इंडिकेटर फटाफट मारायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, करंट कमी झाला की फ्लॅशरला (इंडिकेटर मिचमिचवणारा रिले) ते समजतं. २१ वॅटचा बल्ब काढून पोरं एलईडी टाकतात, तो करंट कमी खातो, मग तसंच फटाफट होतं आणि म्हणतात फ्लॅशर बिघडला.

सत्तरीचा: बरं, गिरीला नाही लावणार. चोर्ल्यात लावणारच.

डिचोलीकर: मग वळायच्या आधी तरी बंद कर, आणि दांडी टाक.

फोंडेकर: आणि काळ्या प्लेटवाल्यांचं काय? त्यावर कोणीच बोलत नाही.