जुन्या क्रॉसवरचे डाग घासून काढावेत का?

शॅननकाठची: मी आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहते. गेल्या महिन्यात आईला क्लॉनमॅक्नॉइजला, एका जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष बघायला नेलं. नदीकाठी चार मीटर उंच दगडी क्रॉस, दहाव्या शतकाच्या आसपासचा, अंगभर बायबलमधले प्रसंग कोरलेले. आईने सवयीने हात टेकवून नमस्कार केला. मग आत संग्रहालयात गेलो, तर खरा क्रॉस तिथे! बाहेरची प्रतिकृती. आई म्हणाली, "म्हणजे मी उत्सवमूर्तीला नमस्कार केला."
आता मुद्दा. आमच्या इथल्या जुन्या दफनभूमीतही वालुकाश्माचा एक झिजलेला क्रॉस आहे. त्यावर करडे-पिवळे गोल डाग. शनिवारी सफाई आहे, मंडळी तारेचा ब्रश आणि ब्लीच आणणार म्हणतात. मी साधा ब्रश आणि पाणी सुचवू का?

खडीवाला: काहीच नको! ते डाग म्हणजे दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातल्याचंच भाऊबंद. ते दगडाला इतकं चिकटलेलं असतं की खरवडलं तर वाळूचे कणही सोबत येतात. कोरीव काम उरलंय तेच मुळी वरच्या पापुद्र्यात. खरा वैरी पाणी. छिद्रांत मुरतं, थंडीत गोठून फुगतं, पापुद्रे सुटतात. क्लॉनमॅक्नॉइजचे क्रॉस १९९० च्या दशकात आत नेले ते उगाच नाही. आणि तुमचा क्रॉस संरक्षित असेल तर परवानगीशिवाय हात लावताच येणार नाही, आधी ते विचारा.

बोरूबहाद्दर: आत नेण्यावरून आठवलं. स्कॉटलंडमधल्या रथवेलचा क्रॉस १६४० च्या दशकात मूर्तिपूजा नको म्हणून फोडला होता. १८२३ मध्ये तिथल्या हेन्री डंकन या पाद्र्याने (बचत बँक काढणारे तेच) तुकडे जोडून उभा केला. आडवी दांडी मिळेना, ती नवी घडवली. १८८७ मध्ये चर्चमध्ये नेला, तर उंची मावेना. शेवटी जमिनीत खड्डा करून बसवला.

शॅननकाठची: मस्त, पण शनिवारी मी करू काय?

खडीवाला: बुंध्याजवळचं गवत कात्रीने कापा. गवत कापायचं यंत्र तिथे फिरवू नका, त्याची दोरी दगड सोलते. आणि अंधार पडल्यावर टॉर्च अगदी बाजूने, तिरपी धरून फोटो काढा.

शॅननकाठची: ब्लीच परत गेलं, थोडी कुरबुर झाली. रात्री टॉर्च धरली. दिवसा जिथे सपाट दगड वाटत होता, तिथे एकमेकांत गुंफलेले पट्टे उठून दिसले. आईला फोटो दाखवला. तिने मोजून सांगितलं, "पाचपेडी आहे गं."