जुनी गाडी घाटात तापते, हेड खोलायचं का?

नमस्कार मंडळी. माझी २००६ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, १ लाख १८ हजार किमी झालेत. बाबांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली, त्यामुळे विकायची नाही. मे महिन्यात चिपळूणहून पुण्याला येताना कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे रखडलो आणि तापमानाचा काटा थेट लाल रेघेला टेकला. भर उन्हात आईला अर्धा तास रस्त्याच्या कडेला बसवावं लागलं. हायवेला काटा निम्म्यावर असतो, सिग्नलला चढतो. एक मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकू, दुसरा म्हणतो हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलू. गणपतीला गावी जायचंय. काय करू?

प्रतिसाद १
ताई, घाईनं हेड खोलू नका. पळताना थंड आणि थांबल्यावर गरम, म्हणजे पहिला संशय पंख्यावर. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. उलट हायवेलाच तापली असती तर मी रेडिएटर चोंदलाय म्हटलं असतं.

एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा. काटा निम्म्याच्या वर सरकला की पंखा सुरू व्हायलाच हवा. नाही झाला तर लगेच इंजिन बंद करा. नंतर एसी लावून बघा पंखा फिरतो का. फिरला तर पंखा ठीक, दोष त्याला चालू करणाऱ्या स्विचकडे.

हेड गॅस्केट (हेडखालची सील) गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात: डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर, कुठेही गळती नसताना कूलंट कमी होणं.

प्रतिसाद २
रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत असाल तर आधी थांबवा. क्षार धरून आतल्या बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. तयार मिसळलेलं मिळतं त्यात मात्र पाणी घालू नका.

प्रतिसाद ३
थर्मोस्टॅट काढायला साफ नकार द्या! ते बंद अवस्थेत अडकलं असेल तर नवीन बसवा. काढून टाकलं तर इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एसी लावला की पंखा फिरतो, एसी बंद असताना काटा वर गेला तरी ढिम्म! आता उलगडा झाला, घाटात मी गाडीवरचा ताण कमी व्हावा म्हणून एसी बंद केला होता आणि त्यानंतरच काटा चढला. इलेक्ट्रिशियनला रेडिएटरवरचा पंख्याचा स्विच (कूलंट तापलं की पंखा लावणारा) दाखवला. त्याच्या कनेक्टरचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं, पिनेवर हिरवा गंज. स्विच आणि कनेक्टर दोन्ही बदलले. आता पंखा आपोआप लागतो, सिग्नलला काटा हलत नाही. हेडला कोणी हात लावला नाही.

प्रतिसाद १
फार बरं वाटलं वाचून. जाण्याआधी रेडिएटरची टोपीही बघा. खालचं रबर कडक झालं, चिरलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. स्वस्त वस्तू आहे, बदलूनच टाका.

येताना घाट चढताना काटा वर सरकलाच तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, इंजिनची उष्णता आत ओढली जाते. आईंच्या बाजूची काच खाली ठेवा. लाल रेघेपर्यंत वाट न बघता सुरक्षित जागी थांबा. आणि गरम असताना टोपी उघडायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. माझ्या भावाचा हात त्या वाफेनं कोपरापर्यंत भाजला होता.